चाकांवरची घरं आणि वैशाखातलं वावधान

वणीहून मुकुटबनला जाणाऱ्या रस्त्यावर थोडा वेळ उभं राहिलं, की एखादा टिप्पर धूळ उडवत जातोच. झरी-जामणी तालुक्यातलं हे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या कडेला, तेलंगणाच्या सीमेजवळ आहे. वर कापसाची काळी जमीन, आजूबाजूला कोलाम आणि गोंडांच्या वस्त्या, आणि जमिनीच्या पोटात कोळसा नि चुनखडी. २०२२ साली बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा, वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना इथे सुरू झाला. खाण, कारखाना आणि रस्ता या तिघांच्या मागे माणसं येतात, आणि त्यातल्या कित्येकांना रात्री परतायला घर नसतं. ते जिथे काम करतात तिथेच, किंवा ज्यात काम करतात त्यातच झोपतात.

ट्रकचा ड्रायव्हर आणि क्लिनर केबिनमध्ये आडवे होतात. गाडीच्या कडेला बसवलेल्या लोखंडी पेटीत त्यांचा स्टोव्ह, पीठ, तेल, कांदे, एखादं पातेलं असतं. म्हणजे स्वयंपाकघरही चाकावरच. मोठं बांधकाम निघालं की ठेकेदार पत्र्याच्या केबिन आणि जुने लोखंडी कंटेनर आणून ओळीनं मांडतो, आत दुमजली खाटा टाकतो. परप्रांतातून आलेला मजूर महिनोन्‌महिने त्यात काढतो. भटक्या समाजांची पालं गावाच्या कडेला, बहुधा नाल्याकाठच्या पडीक जागेवर पडतात. विळे, कोयत्या, कुऱ्हाडी घडवणारे गाडी लोहार, ज्यांना आपण घिसाडी म्हणून ओळखतो, त्यांचं तर आख्खं बिऱ्हाड पिढ्यान्‌पिढ्या गाडीतच राहिलं. चित्तोड पडल्यावर पुन्हा घर न करण्याची शपथ आपल्या पूर्वजांनी घेतली, असं हा समाज सांगत आला आहे. १९५५ साली पंडित नेहरूंनी त्यांना समारंभानं चित्तोडगडावर परत नेलं. त्यानंतरही असंख्य कुटुंबांच्या गाड्या थांबल्या नाहीत.

अलीकडे या यादीत नव्या मंडळींची भर पडली आहे. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. शहरातली कुटुंबं पलंग, ओटा, न्हाणीघर असलेली कॅम्पर गाडी भाड्यानं घेऊन ताडोबा, टिपेश्वरच्या दिशेनं निघू लागली. कॅम्परवाल्याकडे पैसे आहेत आणि आवड आहे, पालवाल्याकडे दुसरा इलाजच नाही. हे अंतर मला मुळीच पुसायचं नाही. पण वाऱ्याच्या हिशेबात ही सगळी घरं एकाच जातीची आहेत. ती वजनाला हलकी, आकारानं उभट, आणि त्यांना पाया नाही. वैशाखातल्या एखाद्या दुपारी वावधान उठलं, की आतल्या माणसांपुढे प्रश्नही एकच उभा राहतो : थांबायचं की निघायचं, आणि निघायचं तर कुठे?

विदर्भातलं उन्हाळी वादळ हे समुद्रावरच्या चक्रीवादळासारखं चार दिवस आधी नाव घेऊन येत नाही. मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत वायव्येकडून कोरडी तापलेली हवा येत असते आणि बंगालच्या उपसागरावरून ओलसर हवा आत शिरते. या दोन्ही जिथे भेटतात तो पट्टा बऱ्याचदा विदर्भावरूनच जातो. चंद्रपूर-वणीच्या बाजूला पारा ४५ अंशांपलीकडे गेलेला असतो. जमिनीलगतची हवा इतकी तापते की तिला वर जायला निमित्त पुरतं. दुपारी तीनपर्यंत आभाळ निरभ्र, आणि पाचच्या आत ढग बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा. त्या ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत अर्ध्यावरच वाळून जातो. वाळताना तो हवेतली उष्णता ओढून घेतो. गार झालेली हवा जड होते आणि थेट खाली कोसळते. जमिनीवर आपटली की ती चहूबाजूंनी पसरत जाते.

मुकुटबनसारख्या ठिकाणी ही गोष्ट आधी डोळ्यांना दिसते, मग अंगाला कळते. वारा एकदम पडतो. झाडाचं पानही हलत नाही, घाम सुकत नाही. क्षितिजाला तांबूस-करडी भिंत उभी राहते. ती असते धूळ, आणि खाणीच्या बाजूनं आली तर तिच्यात कोळशाची भुकटी मिसळलेली. मग एक गार झुळूक येते. दिवसभर भाजून निघालेल्या माणसाला ती इतकी सुखावते की तो बाहेर येऊन तिच्यापुढे उभा राहतो. ही झुळूक म्हणजे कोसळलेल्या हवेची आघाडी. तिच्या मागे खरा वारा असतो, आणि तो यायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी दोनच. पालात, केबिनमध्ये, गाडीत राहणाऱ्यानं घर सोडायची वेळ ही आहे. पत्रा वाजायला लागल्यावर ती निघून गेलेली असते.

वाऱ्याचं बळ किती, याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो. तासाला ७२ किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २४ किलोंचा दाब टाकतो. तीन बाय चार मीटरची ताडपत्री त्याच्यासमोर आडवी आली, तर तिच्यावर जवळजवळ तीन क्विंटलांचा जोर येतो. हा जोर कुणी पेलायचा? तर बांबूच्या चार मेढींनी आणि जमिनीत हातभर ठोकलेल्या खुंट्यांनी. वीस फुटी कंटेनरच्या लांब बाजूवर हाच वारा साडेतीनशे-चारशे किलोंनी रेटतो. कंटेनर जड असतो, तो हलत नाही. पण वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा ज्या केबिनला खेळवून सोडतो, ताशी ८० चा वारा तिला चारपट रेटतो. म्हणून ‘गेल्या वर्षीच्या वादळात काही झालं नव्हतं’ हा दाखला वाऱ्यापुढे चालत नाही. वारा थोडा वाढला तरी सगळा हिशेब बदलतो.

पक्क्या इमारतींसाठी हा हिशेब आपल्याकडे लिहून ठेवलेला आहे. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याच्या भाराचे नियम आहेत. त्यात नागपूरसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. नागपुरात इमारत बांधणाऱ्या अभियंत्याला एवढा वारा गृहीत धरूनच गणित करावं लागतं. त्याच विदर्भात रस्त्याच्या कडेला मांडलेल्या मजुरांच्या टिनाच्या केबिनला हे गणित कोण विचारतो? ती आज इथे, सहा महिन्यांनी दुसरीकडे. तिच्या चारही कोपऱ्यांखाली विटा किंवा दगड ठेवलेले असतात. जमिनीशी तिचं नातं एवढंच.

त्यात इथली जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिल्या मोठ्या सरीत तीच माती लोण्यासारखी मऊ होते. कोरड्यात ठोकलेली खुंटी घट्ट बसल्यासारखी वाटते, पण ती भेगेच्या शेजारी असेल तर ओल शिरताच पाच मिनिटांत हलायला लागते. पालं टाकणारी जुनी माणसं हे जाणून असतात. ती खुंटी सरळ ठोकत नाहीत, पालापासून बाहेरच्या बाजूला तिरपी कलवतात. वाऱ्याच्या बाजूची ताडपत्री जमिनीपर्यंत आणून तिच्यावर माती ओढतात. पालाचं तोंड पश्चिमेला ठेवत नाहीत. वावधान येताना दिसलं की मधली मेढ काढून पाल खाली पाडतात आणि त्याच्यावर दगड ठेवून बाजूला होतात. उभं पाल वारा फाडून नेतो, पडलेलं पाल राहतं. घर वाचवायचं तर ते वेळेवर मोडावं लागतं, हे शहाणपण कुठल्याही पुस्तकात न जाता टिकलं आहे. आजच्या कॅम्परवाल्यानं गाडीच्या बाजूची छत्री वाऱ्याआधी गुंडाळणं, हे त्याचंच छोटं रूप.

झाडाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण विदर्भात घात होतो तो बहुतेक तिथेच. एप्रिल-मे महिन्यांत गाडी उभी करायची तर ड्रायव्हर सावली शोधतो. सावली म्हणजे निंब, चिंच, मोह, बाभूळ. लोखंडी केबिन उन्हात ठेवली तर आत बसवत नाही, माणूस उष्माघातानं जाईल. त्यामुळे झाडाखाली थांबणं हा दुपारी बारा वाजता अगदी योग्य निर्णय असतो. तीच जागा संध्याकाळी पाच वाजता सगळ्यात धोक्याची होते. जुनं झाड वरून हिरवं आणि आतून पोकळ असू शकतं. रस्ता रुंद करताना एका बाजूची मुळं तोडलेली असू शकतात. सावलीतून वेळेवर बाहेर पडणं हे आपल्याकडच्या वादळात जगण्याचं पहिलं कौशल्य आहे. ते कुणी शिकवत नाही, कारण सुरक्षिततेच्या बहुतेक सूचना थंड देशांत लिहिलेल्या असतात. तिथे झाडाखाली थांबण्याची इतकी निकड नसते.

९ एप्रिल २०२३ ची पारसची घटना विदर्भ विसरू शकत नाही. अकोला जिल्ह्याच्या बाळापूर तालुक्यातलं हे गाव. रविवारचा दिवस, बाबूजी महाराज संस्थानात आरतीसाठी भाविक जमले होते. वादळ आणि पाऊस सुरू झाला तशी माणसं मंदिरासमोरच्या टिनाच्या शेडखाली गेली. शेजारचं भलंमोठं जुनं निंबाचं झाड वाऱ्यानं उन्मळलं आणि शेडवर पडलं. सात जण गेले, कित्येक जखमी झाले. त्या माणसांची काही चूक झाली असं कुणीच म्हणू शकणार नाही. पाऊस आला, छप्पर दिसलं, ती छपराखाली गेली. आपण सगळे तेच करतो. पण पाऊस अडवणारं छप्पर आणि वारा अडवणारं छप्पर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टिन पाऊस अडवतं. वर झाड असेल तर टिनाखाली उभं राहणं आणि झाडाखाली उभं राहणं सारखंच.

पुढच्या वर्षी, १३ मे २०२४ ला, मुंबईत घाटकोपरच्या छेडानगरला हेच दुसऱ्या रूपात घडलं. दुपारी धुळीचं वादळ आलं. पेट्रोल पंपाच्या छताखाली गाड्या आणि माणसं आडोशाला थांबली, आणि बाजूचा १२० बाय १२० फुटांचा फलक त्यांच्यावर कोसळला. मुंबई महापालिकेच्या नियमात ४० बाय ४० फुटांहून मोठा फलक बसत नव्हता. १७ माणसं गेली. काही जण आपापल्या गाड्यांमध्ये बसलेले होते. पेट्रोल पंपावर ठिणगी उडण्याची भीती असल्यानं लोखंड कापायलाही अडचण, त्यामुळे शेवटच्या अडकलेल्यांपर्यंत पोहोचायला दोन दिवसांहून जास्त वेळ लागला. गाडीचं असो की शेडचं, छप्पर वरून पडणाऱ्या गोष्टीसाठी केलेलं नसतं. हे पारसला जितकं खरं, तितकंच मुंबईत. वणी रस्त्यावर एखाद्या ढाब्याच्या मोठ्या फलकाखाली, विजेच्या खांबालगत किंवा अर्धवट बांधलेल्या भिंतीच्या आडोशाला गाडी लावून झोपणाऱ्या ड्रायव्हरनं या दोन्ही घटना लक्षात ठेवाव्यात, असं मला कळकळीनं वाटतं.

एका बाबतीत मात्र गाडी खरंच जीव वाचवते, आणि ती बाब म्हणजे वीज. आपल्या देशात वीज पडून दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं मरतात. त्यांतली बरीचशी शेतात, झाडाखाली किंवा उघड्यावर असतात. चारही बाजूंनी आणि वरून लोखंडी पत्रा असलेली बंद गाडी विजेचा प्रवाह बाहेरच्या बाजूनं जमिनीत जाऊ देते, आतल्या माणसाला सहसा इजा होत नाही. रबरी टायरमुळे माणूस वाचतो हा समज चुकीचा आहे. वाचवतं ते सभोवतालचं लोखंड. म्हणून काचा बंद करायच्या, आणि दार, दांडा, चार्जरची वायर, रेडिओ यांना हात लावायचा नाही. हेच संरक्षण ट्रॅक्टरवर बसलेल्याला मिळत नाही, ताडपत्रीच्या पालात मिळत नाही, तीन बाजू उघड्या असलेल्या टिनाच्या शेडमध्ये मिळत नाही. फायबरच्या अंगाच्या कॅम्परमध्येही ते धरून चालता येत नाही. कॅम्पर भाड्यानं घेणाऱ्यानं गाडीची कातडी कशाची आहे हे आधी विचारून घ्यावं.

वीज चमकली की मोजायला लागावं. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर चालतो. चमक आणि गडगडाट यांच्यात तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्या डोक्यावर पडू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं केलेलं ‘दामिनी’ हे अॅप आजूबाजूच्या वीस ते चाळीस किलोमीटरमधल्या विजांची सूचना देतं. नागपूरच्या हवामान केंद्राचे इशारेही रोज येतात. मात्र अॅपला मोबाइलची रेंज लागते, आणि इशारा येतो तो जिल्ह्याच्या नावानं. आंध्र, बिहार किंवा उत्तर प्रदेशातून माल घेऊन आलेल्या ड्रायव्हरला आपण आत्ता यवतमाळ जिल्ह्यात आहोत की चंद्रपूर जिल्ह्यात, हे दर वेळी ठाऊक नसतं. पालातल्या बाईच्या हातात मोबाइल असला तरी त्यावर आलेला मराठी किंवा इंग्रजी संदेश तिला वाचता येईलच असं नाही. इशारा तिच्यापर्यंत पोहोचायचा तर तो माणसाच्या तोंडून पोहोचायला हवा.

वादळ दिसल्यावर गाडी घेऊन पळून जावं, हा विचार चाकावर राहणाऱ्याला सुचणं स्वाभाविक आहे. घर हलवता येतं ना, मग हलवू. या मोहाबद्दल अमेरिकेनं मोठी किंमत मोजली आहे. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमा राज्यात एल रिनोजवळ चार किलोमीटरहून जास्त रुंदीचा टॉर्नेडो उठला. टिम समारस हा वादळांचा अभ्यास करणारा अतिशय सावध आणि अनुभवी माणूस. त्याचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांच्यासह तो गाडीतच मारला गेला. वादळानं अचानक दिशा आणि वेग बदलला होता. ज्याचं आयुष्य वादळं ओळखण्यात गेलं त्यालाही गाडीनं वाचवलं नाही. आपल्याकडचं वावधान त्या मानानं लहान, पण धुळीत समोरचं दिसत नाही, रस्त्यावर फांद्या पडतात, समोरून भरलेला टिप्पर येतो. अशा वेळी पळणारी गाडी थांबलेल्या गाडीपेक्षा जास्त धोक्यात असते.

अमेरिकेचंच दुसरं उदाहरण मला अधिक कामाचं वाटतं. तिथे लाखो लोक चाकांवरून आणून ठेवलेल्या तयार घरांमध्ये राहतात. एकूण घरांत या घरांचा वाटा लहान, पण टॉर्नेडोत घरात मरण पावणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे या घरांतले असतात. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळानं दक्षिण फ्लोरिडातल्या अशा वसाहतीच्या वसाहती भुईसपाट केल्या. त्यावर सरकारनं १९९४ मध्ये या घरांसाठी वाऱ्याचे कडक नियम आणले, बांधणी बदलली, नांगर आणि पट्ट्यांनी घर जमिनीशी बांधण्यावर भर दिला. २००४ साली चार्ली चक्रीवादळ आलं तेव्हा नव्या नियमानं बांधलेली घरं जुन्यांपेक्षा कितीतरी चांगली टिकली. म्हणजे हलक्या घराचं नशीब ठरलेलं नसतं. लोखंडी पट्टा, जमिनीत पिळून बसवलेला नांगर, चार कोपऱ्यांवर चार साखळ्या, एवढ्या गोष्टींनी माणसं वाचतात. मजुरांचे कंटेनर मांडणाऱ्या ठेकेदाराला या गोष्टी परवडत नाहीत, असं मी मान्य करणार नाही. लाखो टनांचा उद्योग जिथे चालतो तिथे साखळीचा खर्च हा खर्चच नव्हे.

कायद्यानं या मजुरांच्या राहण्याचा विचार केलेला आहे. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याचं ३४ वं कलम सांगत होतं, की मालकानं कामाच्या जागी किंवा शक्य तितकं जवळ कामगारांना तात्पुरतं निवासस्थान मोफत द्यावं. त्यात स्वयंपाकाची, आंघोळीची, कपडे धुण्याची आणि शौचालयाची सोय असावी. कलम चांगलं होतं. पण हे निवासस्थान वाऱ्यात उभं राहावं असं ते म्हणत नव्हतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते सोडायचं केव्हा आणि कुणी सांगायचं, यावर ते काहीच बोलत नव्हतं.

हा शेवटचा प्रश्न किती जीवघेणा होऊ शकतो ते महाराष्ट्रानं मे २०२१ मध्ये पाहिलं. तौक्ते चक्रीवादळ अरबी समुद्रातून वर सरकत होतं, हवामान खात्याचे इशारे कित्येक दिवस आधीपासून सुरू होते. मुंबईच्या समुद्रात तेलक्षेत्राच्या कामावरच्या मजुरांना राहण्यासाठी पी-३०५ नावाचा तराफा नांगरून ठेवलेला होता. स्वतःचं इंजिन नसलेलं, पाण्यावर ठेवलेलं वसतिगृहच ते. त्यावर २६१ माणसं होती. वादळाच्या रात्री नांगर तुटले, तराफा भरकटला, आणि १७ मे रोजी संध्याकाळी बुडाला. नौदलाच्या ‘आयएनएस कोची’ आणि ‘आयएनएस कोलकाता’ यांनी खवळलेल्या समुद्रातून तराफ्यावरच्या १८६ जणांना वाचवलं. बाकीचे गेले. त्या माणसांना वादळ येतंय हे कळत नव्हतं असं नाही. पण राहतं घर सोडायचा निर्णय त्यांच्या हातात नव्हता. मुकुटबनच्या परिसरातल्या कंटेनरमध्ये झोपणारा मजूर आणि समुद्रावरचा तो मजूर यांच्यात शेकडो किलोमीटरचं अंतर आहे, पण प्रश्न तोच आहे. मुकादम किंवा साहेब बोलल्याशिवाय तो खोलीबाहेर पडून दुसऱ्याच्या आवारात शिरू शकत नाही.

नाल्याकाठी राहणाऱ्यांचा प्रश्न पावसाळ्यात आणखी बिकट होतो. २२ जुलै २०२३ ला यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टी झाली तेव्हा महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावरची माणसं पाण्यानं वेढली गेली आणि त्यांच्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाठवावी लागली. तो तरी वसलेला तांडा होता, नकाशावर नाव असलेला. नाल्याकाठच्या पालांना नाव नसतं.

नाव नसल्याचा फटका वादळानंतर बसतो. पंचनामा करायला तलाठी येतो तेव्हा त्याच्याकडे सातबारा असतो, घरांचे क्रमांक असतात. आपत्ती निवारणाच्या केंद्रीय निकषांत झोपडीसाठी ८,००० रुपये मदत आहे, आणि झोपडीची व्याख्या करताना प्लॅस्टिकच्या कापडाची, गवताची, मातीची तात्पुरती निवाऱ्याची जागाही त्यात धरली आहे. मात्र ती झोपडी आहे असं राज्य किंवा जिल्हा प्रशासनानं मानलेलं असावं लागतं. काल आलेलं, परवा जाणारं पाल या मान्यतेत कधी बसणार? गाडीत राहणाऱ्याचं घर तर या निकषांत घरच नाही. माणूस दगावला तर वारसांना चार लाख मिळतात. जिवंत राहिला आणि ताडपत्री, भांडी, शिलाईयंत्र, ऐरण, धान्य सगळं गेलं, तर त्याची नोंद होणं कठीण. राज्यानं २०११ मध्ये भटक्या-विमुक्तांच्या घरांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणली. त्याआधी बाळकृष्ण रेणके यांच्या आणि नंतर भिकू इदाते यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगांनी या समाजांच्या निवाऱ्याचा प्रश्न केंद्रापुढे मांडला. पक्कं घर हेच खरं उत्तर, यात शंका नाही. पण ते घर मिळेपर्यंत दरवर्षी वैशाख येणारच आहे.

तोवर गाडीत राहणाऱ्यानं काय करावं? रोज दुपारी तीनला एकदा आभाळाकडे आणि एकदा मोबाइलवरच्या इशाऱ्याकडे पाहावं. इशारा असेल तर सावली सोडून मोकळ्या, पण उंचवटा नसलेल्या जागी गाडी न्यावी. तिथे पडणारं झाड, खांब, फलक नसावा आणि नालाही नसावा. गाडीचं नाक वाऱ्याकडे ठेवावं, म्हणजे लांब बाजू वाऱ्याला मिळत नाही. रिकामी उंच गाडी भरलेल्या गाडीपेक्षा लवकर कलंडते, हे ध्यानात ठेवावं. गॅस बंद करून नळी काढून ठेवावी, कारण कलंडलेल्या कॅम्परमध्ये पेटलेली शेगडी वाऱ्यापेक्षा लवकर जीव घेते. चालत जाण्याच्या अंतरावर सिमेंटच्या छताची इमारत असेल तर गार झुळूक लागताच तिकडे निघावं, मागे राहिलेल्या सामानासाठी परत फिरू नये. इमारत नसेल तर लोखंडी गाडीच्या पुढच्या सीटवर पट्टा लावून, डोकं काचेच्या पातळीखाली घेऊन, अंगावर गोधडी ओढून बसावं. गारा समोरची काच फोडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि २०१८ च्या फेब्रुवारीत विदर्भ-मराठवाड्यानं ज्या गारा पाहिल्या, त्यांनी शेतं झोडपलीच, उघड्यावरची जनावरं आणि पाखरंही मारली.

एवढं केल्यावरही मूळ अडचण उरतेच. सिमेंटच्या छताची इमारत प्रत्येक गावात आहे. जिल्हा परिषदेची शाळा आहे, ग्रामपंचायतीचं कार्यालय आहे, समाजमंदिर आहे, अंगणवाडी आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत, संध्याकाळी पाच वाजता, या सगळ्यांना कुलूप असतं. नेमक्या त्याच महिन्यांत आणि त्याच वेळेला वावधान येतं. गावातला माणूस शेजाऱ्याच्या पक्क्या घरात जातो. परका ड्रायव्हर, परप्रांतीय मजूर, पालातली बाई आणि तिची पोरं कुणाच्या ओसरीवर जाणार? ती जातात टिनाच्या शेडखाली, झाडाखाली किंवा बसथांब्याच्या आडोशाला. आपल्याकडे वादळात माणसं मरतात त्यातली काही या कुलपामुळे मरतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण दिलं आहे. कुठली इमारत निवाऱ्यासाठी उघडायची हे आधी ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे. त्यासाठी नवा निधी लागत नाही, नवं बांधकाम लागत नाही. खाण आणि कारखान्यांच्या आवारात पक्की उपाहारगृहं आणि कार्यालयं आहेत. वादळाच्या दोन तासांपुरती ती कंटेनरमधल्या मजुरांना आणि फाटकाबाहेर रांगेत उभ्या ड्रायव्हरांना उघडावीत, असा आदेश काढणं अवघड नाही. कॅराव्हॅनसाठी नवे तळ मंजूर करताना पाणी, वीज, शौचालय यांच्याबरोबर सिमेंटच्या छताची एक मोठी खोली सक्तीची करावी.

हा अंक वाचणाऱ्यांत सरपंच असतील, मुख्याध्यापक असतील, पोलीस पाटील असतील, ठेकेदारही असतील. त्यांना माझी विनंती आहे. होळीच्या आत ग्रामसभेत एक ठराव करा : मार्च ते जून या काळात शाळेची एक खोली वादळात कुणालाही उघडी राहील. किल्ली ज्याच्याकडे असेल त्याचा मोबाइल क्रमांक त्या खोलीच्या दारावर, ढाब्यावर आणि पेट्रोल पंपावर मराठी, हिंदी आणि तेलुगूत मोठ्या अक्षरांत लिहा. आणि इशारा आला की कोतवालाला दवंडी गावात देऊन थांबू नका म्हणावं, नाल्याकाठच्या पालांपर्यंत आणि रस्त्यावरच्या गाड्यांपर्यंत जाऊन ये म्हणावं.